कुकर सोडून तांब्याच्या भांड्याकडे: अर्क काढायचं यंत्र घरी जुळवताना

कुकरच्या शिट्टीच्या जागी नळी खोचून गुलाबपाणी काढायचा प्रकार या नादातल्या बहुतेकांनी केलेला असतो, मीपण दोन वर्षं तेच केलं. पाणी निघतं, नाही असं नाही, पण गुलाबाच्या मागोमाग शिजवलेल्या कोबीचा एक वास येतो, घरातले तोंडावर "छान झालंय" म्हणतात आणि बाटली फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात सरकवतात. तो वास कुठून येतो हे कळायला मला बराच वेळ लागला. पाला-पाकळ्या उकळल्या की गंधकाची संयुगं सुटतात, शिवाय कुकरचं रबर तापून त्याचा वास लागतो, आणि तळाला बसलेलं करपतं ते वेगळंच. यातला गंधकाचा भाग तांब्याला चिकटतो, आतून काळा थर धरतो आणि पाण्यात कमी उतरतो. अत्तरवाले, अर्कवाले पिढ्यान्‌पिढ्या तांबं वापरतात त्यात नुसती परंपरा नाहीये.

पुढे जायच्या आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो कारण "घरी भट्टी लावलीय" म्हटलं की समोरचा डोळा मारतोच. हे सगळं गुलाबपाणी, गवती चहाचं तेल, वाळ्याचं पाणी यासाठी आहे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, त्यात विनापरवाना दारू गाळणं तर गुन्हा आहेच पण गाळण्यासाठी भांडी-सामान बाळगणं हापण गुन्हा आहे. न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून स्वतःपुरती घरी गाळायला परवानगी आहे, तिकडे राहणाऱ्या मित्राने उत्साहात फोटो पाठवले म्हणून इकडे कोणी सुरू करू नका. गोव्यात काजूची फेणी भाटीवर म्हणजे तिथल्या भट्टीवर निघते ती लायसन घेऊन. बघायला मात्र जरूर जा, एप्रिलमध्ये काजूच्या सीझनला सत्तरीकडे कुठे भाटी बघायला मिळाली तर नळी पाण्यातून कशी नेलीये आणि सांधे कसे लिंपलेत ते नीट बघून घ्या, तासाभरात जेवढं शिकाल तेवढं महिनाभर व्हिडिओ बघून येणार नाही.

आता भांडं. नवीन माणूस इथेच सगळा पैसा घालतो आणि माझ्या मते इथेच चूक होते, कारण भांडं हा या यंत्राचा सगळ्यात सोपा भाग आहे. पत्रा आणून स्वतः हंडा घडवायच्या फंदात पडू नका. ३० सेंटीमीटर व्यास आणि तेवढीच उंची धरली तर २१ लिटरचं भांडं होतं, १.२ मिलिमीटरच्या म्हणजे १८ गेजच्या पत्र्यात ते पावणेचार किलोच्या आसपास भरतं, तांब्याचा भाव रोज बदलतो तो बघा आणि वर मजुरी धरा. त्यापेक्षा घरात माळ्यावर आजीचा हंडा पडलेला असतो तो काढा. नसेल तर पुण्यात बुधवारी-रविवारी जुना बाजार भरतो तिथे किंवा कुठल्याही भांडेवाल्याकडे मोडीत आलेले हंडे मिळतात.

जुना हंडा घेताना तीन गोष्टी बघायच्या. तो खरंच तांब्याचा आहे का, कारण पितळेवर तांब्याचा मुलामा दिलेलं पण विकतात, तळाशी कानशीने जरासं घासलं की आतला रंग कळतो. पोटावर करवतीच्या दातांसारखी सांध्याची रेघ असते, भांडं पाण्याने भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा, सकाळी कागद कोरडा पाहिजे. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, जुन्या डागडुजीचे करडे ठिपके. पूर्वी भोक बुजवताना सर्रास शिसं असलेलं झाळण लावायचे, तसा ठिपका दिसला तर तो हंडा कुंडी म्हणून ठेवा, अर्काला नको.

माझा हंडा घेऊन मी कसबा पेठेत तांबट आळीत गेलो. तिथल्या एका तांबट काकांना म्हटलं तोंडावर बसेल असं घुमटासारखं झाकण हवंय आणि त्याला मधोमध २२ मिलिमीटरचं भोक पाडून द्या. काकांनी हंडा आडवा मांडीवर घेतला, बोटाच्या पेराने टकटक करत गोल फिरवला, एका जागी थांबले, परत टकटक केलं आणि म्हणाले, "इथे पातळ झालाय, ज्योत या बाजूला नका येऊ देऊ." मला दोन्ही आवाज सारखेच वाटले. मग भोकाचं ऐकल्यावर वर बघून म्हणाले, "भोक कशाला पाडताय? नुसत्या पत्र्याच्या कडेला नळी किती दिवस टिकेल? कॉलर उचलून देतो." म्हणजे काय केलं तर आधी १४-१५ मिलिमीटरचं लहान भोक पाडलं, आजूबाजूचं तांबं लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवलं, तांबं ठोकून ठोकून कडक होतं आणि असं भाजलं की परत मऊ पडतं, मग आतून गोल टोकाच्या लोखंडावर ठेवून हळूहळू ठोकत भोकाची कडा बाहेर उचलली, परत भाजलं, परत ठोकलं. शेवटी झाकणावर उभी कॉलर तयार, नळी त्यात अशी बसली की सोडली तरी पडेना. चार इंची जागेचं काम पण पाऊण तास लागला. तुम्ही कोणाकडेही करून घ्या, पण कॉलरच मागा.

झाकण म्हणजे खरंतर उपडं घातलेलं तपेलं, त्याची कडा हंड्याच्या तोंडाच्या आत एक-दीड इंच उतरली पाहिजे. हंड्याचं तोंड निदान तुमचा हात कोपरापर्यंत आत जाईल एवढं हवं नाहीतर साफ कसं करणार. आणि हंडा गोल बुडाचा असला तर लोखंडी तिवई घ्या, गॅसच्या शेगडीवर नुसता ठेवला तर डुगडुगतो. इंडक्शनवर तांबं तापत नाही, हे मी सांगायची गरज नाही असं वाटलं होतं पण एकाने विचारलंच.

नळ्या आणि एल्बो म्हणजे वळणाचे तुकडे एसी-फ्रिजच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतात. वाफेच्या नळीला सात-अष्टमांश इंच म्हणजे साधारण २२ मिलिमीटर, आणि गार करायच्या कॉइलला अर्धा इंच, तीन मीटर. पाव इंची स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. एखादी पाकळी वर येऊन अडकली की ती बंद, आणि खाली उकळतं भांडं. या यंत्राचा एकच नियम पाठ करायचा, वाफेला बाहेरचा रस्ता कायम उघडा पाहिजे. मधे कुठेही कॉक, व्हॉल्व्ह काहीही बसवायचं नाही, शेवटचं टोक बाटलीच्या तळाशी अर्कात बुडवायचं नाही, आणि प्लास्टिकची नळी तर वाफेच्या आसपास पण नको.

कॉइल वळवताना नळी चपटी होते हा सगळ्यांचा प्रॉब्लेम. एक टोक बुच मारून बंद करा, कोरडी बारीक वाळू भरा, भरताना नळी जमिनीवर आपटत राहा म्हणजे वाळू ठासून बसते, दुसरं टोक पण बंद करा आणि मग सहा इंची पीव्हीसी पाइपाभोवती हाताने हळूहळू गुंडाळा. वाळू भाजून पूर्ण वाळवलेली पाहिजे, ओली असेल तर नंतर निघत नाही आणि नळी तापवायची वेळ आली तर आतल्या ओलीची वाफ होऊन बुच उडतं. वेढे सगळे एकाच दिशेने उतरते हवेत, मधे कुठे पोट पडलं की तिथे पाणी साचतं आणि अर्क गचके खात येतो.

आता जोड, म्हणजे माझ्या दृष्टीने खरं काम. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी इलेक्ट्रॉनिक्सची सोल्डर वायर वापरायची नाही, साठ-चाळीस म्हणतात त्यातलं चाळीस म्हणजे शिसं. एसीवाले फॉस्फरसवाली कॉपर रॉड वापरतात, तांब्याला तांबं जोडायला तीच घ्या, तिला फ्लक्स म्हणजे जोड धरायला लावतात ते रसायनपण लागत नाही. पितळेचा तुकडा मधे आला तर मात्र टाकणखार लागतो, म्हणून पितळ शक्यतो टाळाच. चांदीची रॉड घेणार असाल तर कॅडमियम नसलेलीच मागा, त्याचा धूर फार वाईट.

मी आधी किचनमधल्या छोट्या फ्लेमगनने करायला गेलो. वीस मिनिटं ज्योत धरली, रॉड काही वितळेना, कारण तांबं उष्णता इतकी पळवतं की तुम्ही इथे तापवताय आणि तिकडे हंड्याचा कान हाताला चटका देतोय. शेवटी सोसायटीत एसी दुरुस्तीला येणाऱ्याला त्याचा ऑक्सिजनवाला टॉर्च घेऊन रविवारी बोलावलं, पाच जोड त्याने चहा व्हायच्या आत उरकले. त्यामुळे माझा सल्ला असा की कापणं, वळवणं, घासणं, जुळवून कोरडं बसवून बघणं हे सगळं स्वतः करा आणि नुसते जोड अशा माणसाकडून लावून घ्या. फक्त जोडाच्या दोन्ही बाजू पॉलिश पेपरने चकचकीत केलेल्या पाहिजेत, बोटाचा तेलकटपणासुद्धा नको, आणि काम गॅलरीत नाहीतर गच्चीवर, चष्मा लावून.

कल्हई लावायची का हा प्रश्न येतोच. मी हंड्याला आतून लावत नाही, कारण तांब्याचा वाफेला स्पर्श व्हावा म्हणूनच तर हा खटाटोप, शिवाय आत राहिलेलं काढ्याचं पाणी आपण पीत नाही. कोणी लावणार असेल तर आधी सगळे जोड लावून घ्या आणि शेवटी कल्हई. मी पहिल्या झाकणाच्या वेळी हा क्रम उलटा केला. कल्हईचं कथील २३२ अंशांनाच वितळतं आणि ती रॉड वितळायला सात-आठशे लागतात, टॉर्च लावल्या लावल्या कल्हई पाण्यासारखी ओघळून जोडाच्या फटीत गेली आणि मग तिथे रॉड धरेचना. अख्खी कॉलर घासून काढायला लागली.

चिंता असेल तर ती कॉइलची, कारण तिथे नुसती वाफ नसते, तिथे थोडासा आंबट अर्क, हवा आणि तांबं तिघं एकत्र असतात आणि त्यातून हिरवट कळंक येतो. ज्यांना हे लफडं नको त्यांनी हंडा-झाकण तांब्याचं आणि कॉइल स्टीलची करावी, अर्काच्या वासात मला तरी काही फरक जाणवला नाही. माझी तांब्याचीच आहे, त्याची फळं खाली सांगतो.

कॉइल बसते बादलीत. बादलीच्या तळाजवळ भोक पाडून नळी बाहेर काढायची आणि तिथे रबरी वॉशर, इथे चालतो कारण पाणी गार असतं. आता थोडं गणित, कारण सगळे इथेच फसतात. एक लिटर अर्क होताना वाफेतून जी उष्णता सुटते तिने जवळजवळ २२ लिटर पाणी २५ अंशांनी तापतं. म्हणजे वीस लिटरच्या बादलीत एक लिटर गुलाबपाणी काढलं की बादलीचं पाणी बंबातल्यासारखं कढत होतं, आणि त्यानंतर नळीतून अर्काबरोबर वाफ यायला लागते, तीच वाफ म्हणजे तुमचा वास खिडकीतून बाहेर चाललाय. गार पाणी खालून सोडायचं आणि गरम वरून काढायचं, उलटं नाही. आमच्याकडे ते गरम पाणी भांडी घासायला जातं आणि तेवढ्यापुरता या यंत्राला घरात मान आहे.

थर्मामीटर लावू का असं विचारतात. मी हौसेने झाकणाला लावला होता, पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, तर पहिल्या थेंबापासून शेवटपर्यंत काटा ९८ वरच. काढून टाकला. अर्काची धार बघा, तीच सगळं सांगते. धार काडीएवढी बारीक हवी, तासाला एक ते दीड लिटर. अजून मोठी झाली की गॅस कमी.

पहिल्यांदा पेटवायच्या आधी आत पाणी भरून, नळीच्या टोकाने तोंडाने फुंकर मारून, जोडांना साबणाचा फेस लावा, बुडबुडा आला तर तो जोड परत. मग पहिली खेप नुसतं पाणी आणि त्यात दोन वाट्या व्हिनेगर, दुसरी नुसतं पाणी, दोन्ही ओतून द्यायच्या. तिसरी खेप लिंबाच्या साली किंवा कुठलाही स्वस्त पाला, तीही फेकायची. इथे कंजुषी केली तर पहिल्या गुलाबपाण्याला वर्कशॉपचा वास येतो.

खऱ्या पहिल्या खेपेला गुलाब घेऊ नका, गवती चहा घ्या. स्वस्त आहे आणि तेल डोळ्यांना दिसतं. तीन किलो पाती अर्धा दिवस सावलीत सुकवा, दोन-तीन इंचाचे तुकडे करा. हंड्यात सहा-सात लिटर पाणी, त्यात उभ्या केलेल्या छोट्या तिवईवर स्टीलची चाळण, पाती चाळणीवर, पाण्यात नाही, आणि वर चार बोटं मोकळी जागा. झाकण बसवून फटीत कणीक लिंपायची, पोळीपेक्षा थोडी सैल मळलेली. अत्तरांच्या कनौजला देगेच्या म्हणजे तिथल्या तांब्याच्या हंड्याच्या तोंडाला माती आणि कापूस लिंपतात, आपल्याला कणीक बास. ती तापली की वाळून घट्ट होते, तडा गेला तर ओल्या बोटाने परत चोपडायची, आणि समजा कुठे नळी तुंबलीच तर आधी कणीक सुटते, म्हणून क्लॅम्प लावून झाकण आवळणाऱ्यांचं मला पटत नाही.

उकळी येईपर्यंत मोठा गॅस, झाकणाची नळी हाताला चटका द्यायला लागली की लगेच कमी करा. पहिले थेंब येतात तेव्हा अख्खं घर लिंबासारखं घमघमतं. अर्क उंच, बारीक गळ्याच्या काचेच्या बाटलीत धरा, वर पिवळसर तेलाचं कडं जमायला लागतं. ओल्या पात्याच्या हजारी तीन भाग तेल हा ढोबळ हिशोब, म्हणजे तीन किलोला नऊ-दहा मिली, घरी त्याहून कमीच निघतं, माझं पहिलं साडेपाच निघालं आणि मी ते आठवडाभर प्रत्येकाच्या नाकाखाली धरत होतो. दीड-दोन तासांत कडं वाढायचं थांबलं की गॅस बंद. पाणी संपू द्यायचं नाही, रिकामा हंडा तापला तर पाला जळतो, जोडांवर ताण येतो आणि कल्हई असेल तर ती तळाला गोळा होते. भरलं किती आणि निघालं किती एवढं कागदावर लिहीत जा म्हणजे आत किती उरलंय ते कळतं.

गुलाब मग दुसऱ्या महिन्यात. बुकेवाले लांब दांड्याचे डच गुलाब नकोत, त्यांना वास नसतो आणि औषधं भरपूर मारलेली असतात. गावठी गुलाबच, पहाटे तोडलेला, शक्यतो ओळखीच्या बागेतला. एक किलो पाकळ्या, चार लिटर पाणी, पाकळ्या सरळ पाण्यात घाला आणि आच अगदी मंद, अर्क एक लिटरवर थांबवा. पुढचा लिटरपण निघतो पण तो परत कोबीच. तेल दिसणार नाही, किलोभर पाकळ्यांत ते ग्रॅमच्या पाव भागाएवढं असतं आणि बहुतेक पाण्यातच विरतं. वाळा एवढ्यात नको, मुळं रात्रभर भिजवून नंतर दिवसभर मंद आचेवर चालवायला लागतात, घरातल्यांचा आणि सिलिंडरचा अंदाज घेऊन ठरवा.

बाटल्या गडद काचेच्या, उकळून वाळवलेल्या, गळ्यापर्यंत भरलेल्या आणि फ्रीजमध्ये. गुलाबपाणी मी चार-सहा महिन्यांच्या पुढे ठेवत नाही. घरच्या शुद्ध तेलाचा थेंब सरळ अंगाला लावू नका, गवती चहाचं तेल चांगलं झोंबतं.

आता कॉइलची ती गोष्ट. मी जूनमध्ये खेप काढली, कॉइल नुसती झटकली आणि बादलीतच ठेवून दिली, पुढची खेप थेट ऑगस्टमध्ये. पहिला कपभर अर्क आला तो चक्क निळसर हिरवा, मोरपंखाच्या शेडचा, दिसायला इतका सुंदर की क्षणभर वाटलं काहीतरी भारी सापडलं. तो तांब्याचा कळंक होता. सगळं ओतलं, कॉइलमधून कोमट पाण्यात विरघळवलेलं लिंबूसत्व दोनदा फिरवलं, मग स्वच्छ पाणी. तेव्हापासून प्रत्येक खेपेनंतर कॉइल गरम पाण्याने धुवून, सायकलच्या पंपाने हवा मारून, तोंड खाली करून टांगतो, आणि महिन्याच्या वर पडून असेल तर पहिला अर्धा कप अर्क सरळ मोरीत.

हंड्याला बाहेरून पितांबरी लावा हवी तेवढी, आतून फक्त पाणी आणि मऊ घासणी, आतला काळपटपणा दर वेळी खरवडून लख्ख करायची गरज नाही, जाड पापुद्रे सुटायला लागले तरच चिंच-मीठ. उरलेला गवती चहाचा चोथा कुंड्यांना चांगला, फक्त पूर्ण गार होऊ द्या, मी घाईत गरमच ओतला आणि कढीपत्ता गेला.